रिकाम्या गाडीचं वजन

४ ऑगस्ट, रविवार

ही डायरी पोराच्या, इंद्रजितच्या कंपनीची. जानेवारीत दिली होती, ऑगस्टात उघडली. सात महिन्यांची पानं कोरी गेली म्हणून जीव चुकचुकला, पण त्या सात महिन्यांत लिहिण्यासारखं तरी काय होतं? मे महिन्यात कारखान्यातून निवृत्त झालो, गळ्यात हार घालून घरी आलो आणि पंधरा दिवसांत भिंतीशी बोलायला लागलो. एवढंच.

आज पिल्लांची पहिली वजनं घेतली. सात करडं, चार कोकरं. शेळ्या बाजारातून आणलेल्या, मेंढ्या बायकोच्या, कुशाच्या भावानं लोणी भापकरहून पाठवलेल्या. काटा इंद्रजितनंच मागं आणून दिला होता, माझं पोट कमी व्हावं म्हणून. दवाखान्यात असतो तसला, उभं राहायचा. त्यावर करडू एकटं उभं केलं की आकडा नाचतो. एक पाय वर, एक पाय खाली, तिसरा माझ्या डायरीवर. मग डोकं चालवलं. जन्म गेला कारखान्याच्या वजनकाट्यावर, तो काय फुकट? भरलेली गाडी मोजायची, रिकामी गाडी मोजायची, वजा केलं की ऊस. करडाला कुशानं कडेवर घ्यायचं, काट्यावर उभं राहायचं, त्यातून कुशा वजा करायची. माझ्या मणक्यात गॅप. डॉक्टरनं पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलंय. त्यामुळं गाडी कुशाच.

कुशा रिकामी : ५२.४००.

"मी काय टॅक्टर हाय व्हय?" म्हणाली. "रिकामी म्हनं!"

"गप उभी ऱ्हा. हाललीस की आकडा हालतो."

काळ्या (करडांत सगळ्यात थोराड) : ९.२००. बाकीच्यांची मागच्या पानावर लिहिली.

इंद्रजितशी बोलणं झालंय. त्याला हे शेळ्या-मेंढ्यांचं खूळ पसंत नाही. बारामतीला एमआयडीसीत असतो, रविवारी फोन करतो आणि फोनवर फक्त उसाचं बोलतो. शेवटी ठरलं : दिवाळीपर्यंत. पिल्लांनी दिवसाला शंभर ग्रॅमच्या हिशोबानं वजन धरलं तर ठेवायची. नाहीतर सगळी व्यापाऱ्याला, आणि चाऱ्याच्या वीस गुंठ्यांत पूर्वहंगामी ऊस. मी म्हटलं, मान्य. काटा काय ते सांगेल. काटा कुणाच्या बापाला भीत नाही.

कुशा तेव्हा चहा करत होती.

७ ऑगस्ट

वीस गुंठ्यांत काय काय आहे ते एकदा लिहून ठेवतो, पुढं कुणी विचारलं तर. नेपियर आणि मारवेल ही गवतं. लसूण घास, दशरथ घास आणि चवळी ही शेंगवाली, म्हणजे द्विदल. बांधाला शेवरी. शेळीपालनाच्या प्रशिक्षणात राजलक्ष्मी मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं होतं : दोन वाटे गवत, एक वाटा द्विदल, कुट्टी करून एकत्र कालवायचं. नुसत्या गवतानं पोट भरतं पण अंग धरत नाही, आणि नुसता घास घातला तर पोट फुगतं.

कुशाला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या बाच्या मेंढ्या चालता चालता हेच खायाच्या की. थोडं गवात, थोडा पाला, थोड्या शेंगा. फकस्त कुनी कुट्टी करून वाढत नव्हतं."

तिचा बाप वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा तळ, घेऊन दर साली कोकणात उतरायचा. ही दहा वर्षांची होईपर्यंत घोड्यावर आणि मेंढरांमागं. आमच्या घरी आली तेव्हा आमची मेंढरं कधीच विकून झाली होती, मी कारखान्याला लागलो होतो. म्हणून शेळ्या-मेंढ्या आणायच्या म्हटल्यावर तिच्या तोंडावर जे आलं ते काही मी लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी आम्ही चारा कापतो. म्हणजे कुशा कापते, भारा आणते. मी कुट्टी मशीनचं बटन दाबतो आणि प्रमाण बघतो.

१८ ऑगस्ट, रविवार

काळ्या : ९.९००.

दोन आठवड्यांत सातशे ग्रॅम. चौदाशे पाहिजे होतं. बाकीच्यांचंही तसंच, निम्म्यावर. सुरुवात आहे म्हणून सोडून दिलं. पण जेवताना भाकरी गोड लागेना.

कुशा म्हणते, "मला तर जड लागली सगळी. खांदा भरून आला."

म्हटलं, "तुझं वय झालं. करडं न्हाईत जड झाली."

२३ ऑगस्ट

आज जीव मेटाकुटीला आला. वजन वाढत नाही म्हणून मीच ठरवलं की घासाचं प्रमाण वाढवू. निम्मं गवत, निम्मा घास. तोही सकाळचा ओला, दवातला. तासाभरात दोन कोकरांची डावी कूस ढोलाएवढी वर आली. भुरी तर पाय ताणून आडवी. मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावत बसलो, तो उचलेना. कुशानं भुरीला उचलून पुढचे पाय बांधावर, मागचे खाली असं उभं धरलं, गोडतेल पाजलं, आणि कूस चोळत राहिली. ढेकर आला तेव्हा दोघीही खाली बसल्या. डॉक्टर नंतर आला, औषध देऊन गेला, आणि मला म्हणाला, "तात्या, घास आदी सुकवा जरा. नुसता ओला हिरवा नगा घालू." मॅडमनी हेच सांगितलं होतं. माझ्या वहीत लिहिलेलंही आहे.

परत दोनास एक. घास आदल्या दिवशी कापून सुकवायचा. म्हणजे कुशाची एक खेप वाढली.

कळशीभर पाणी प्यायली आज ती. शेडच्या खांबाशी स्वतःसाठी वेगळी कळशीच भरून ठेवते हल्ली.

१ सप्टेंबर, रविवार

काळ्या : १०.१००. पंधरा दिवसांत दोनशे ग्रॅम. डोक्याला ताप.

शेजारचे आबाजी बघायला आले. वयानं माझ्याहून मोठे, तोंडानं त्याहून मोठे. काळ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मोहनराव, चांगलं अंग धरलंय की ह्यानं!"

"काट्यावर न्हाय धरलं."

"तुमचा काटा! कारखान्यात बी तुमच्या काट्यावर आमचा ऊस कायम कमीच भरायचा."

ही थट्टा मी जन्मभर ऐकली. हसून सोडून देतो. माझ्या काट्यावर कुणी बोट ठेवलं नाही कधी, तपासणीला आलेल्यांनीसुद्धा नाही. पण आज हसू आलं नाही. मला वाटतं पिल्लांची नुसती पोटं सुटलीत. चाऱ्याचं पाणी आणि वारा. दिसायला मोठी, आत काही नाही.

९ सप्टेंबर

गणपती बसले. इंद्रजित आणि सूनबाई वैष्णवी दोन दिवस येऊन गेली. इंद्रजितनं वजनं विचारली. सांगितली. वीस गुंठ्यांकडं एक नजर टाकून आला. त्या नजरेत सऱ्या पाडून झाल्या होत्या.

कुशानं मोदक केले. स्वतः खाल्ले तेही चांगले सात-आठ, आणि वर पुन्हा भाकरी. मी म्हटलं, "भस्म्या झाला का काय तुला?" वैष्णवी हसली. कुशाही हसली. बरं वाटलं, एवढी राबते तर खाऊ दे. खाल्लेलं तिच्याही अंगी लागत नाही, पिल्लांच्याही नाही. ह्या घराच्या पाण्यातच काहीतरी आहे.

१६ सप्टेंबर

काल काळ्या : १०.३००.

आज बारामतीला जाऊन राजलक्ष्मी मॅडमना गाठलं. मोबाईलवर फोटो दाखवले. मॅडमनी फोटो मोठे करकरून पाहिले आणि म्हणाल्या, "मोहनराव, ही पिल्लं दहा किलोची दिसत नाहीत. चमक बघा अंगावर. मला तर पंधराच्या आसपास वाटतात. काटा तपासा एकदा."

मला राग आला. चहा पिऊन निघालो, तो पण अर्धाच.

एसटीत बसून विचार केला. काटा तपासायला काय हरकत आहे? घरी आल्या आल्या पेंडीचं बंद पोतं ठेवलं काट्यावर. ते कुशानंच उचलून ठेवलं. पन्नास किलोचं पोतं, पन्नास किलो शंभर ग्रॅम. शंभर ग्रॅम रिकाम्या पोत्याचे. म्हणजे काटा चोख. मग चूक कुणाची? चाऱ्याची. मॅडम फोटोवरून वजन करतात!

पोतं उचलल्यावर कुशा तिथंच खाली बसली. म्हणाली, चक्कर आली. ऊन होतं.

२२ सप्टेंबर

आज मी फार ओरडलो तिला. गव्हाणीत, कुट्टीत, हिरव्या काचेच्या बांगडीचे तुकडे सापडले. करडानं गिळलं असतं तर? आतडंच फाटलं असतं. म्हटलं, लक्ष कुठं असतं तुझं?

"सुटली हातातनं," म्हणाली. "भारा टाकताना सुटली."

"घट्ट बांगडी सुटते कशी?"

"आता बसत न्हाईत घट्ट."

"मग घालू नगंस कामाला येताना."

तिनं राहिलेल्या सगळ्या काढून खिडकीत ठेवल्या. मोकळ्या हातांनी बाई बरी दिसत नाही, पण जनावराच्या पोटात काच जाण्यापेक्षा बरं.

वजनं आजही तशीच. लिहायचा कंटाळा आला.

२९ सप्टेंबर, रविवार

काळ्या : १०.४००. दोन महिने होत आले, बाराशे ग्रॅम. रोजचे पंचवीससुद्धा नाहीत. माझे हात टेकले.

एक विचित्र आहे. सगळ्या पिल्लांची तूट जवळजवळ सारखीच. हावरं तेवढंच मागं, रोडं तेवढंच मागं, शेळीचं आणि मेंढीचंही तेवढंच. आजार असता तर एकाला जास्त, एकाला कमी झालं असतं. म्हणजे दोष सगळ्यांना मिळणाऱ्या एकाच गोष्टीत आहे. म्हणजे चाऱ्यातच. हे मी आज शोधून काढलं आणि मला स्वतःचं जरा कौतुक वाटलं.

कुशाला सांगितलं की दिवाळीची वाट बघण्यात आता अर्थ नाही, व्यापाऱ्याला बोलावू. ती कळशीतून पाणी पीत होती. पिऊन झाल्यावर म्हणाली, "दिवाळी म्हणला हुता. दिवाळीपतुर थांबा."

"तुझीच दमछाक होतीया गं."

"मी सांगितलं का दमले म्हणून?"

नाही सांगितलं, हे खरं. तिनं तसं कधीच सांगितलं नाही.

४ ऑक्टोबर

काल घट बसले. घास कापताना कुशाच्या डाव्या पायाला विळा लागला, करंगळीपाशी. हळद भरली, चिंधी बांधली. म्हटलं दवाखान्यात चल, इंजेक्शन घेऊ. नको म्हणाली. नऊ दिवस अनवाणी असते ती. "देवीचं दिस हायती, हुईल बरं."

तिनं दवाखान्याला नको म्हटलं की मला मनातून बरं वाटतं, खोटं कशाला लिहू? इंदापूर नाहीतर बारामती, दिवस मोडतो, आणि मागं शेडला कोण?

६ ऑक्टोबर, रविवार

काळ्या : १०.३००. उतरलं. खाऊन-पिऊन शंभर ग्रॅम उतरलं! आता मात्र कपाळाला हात लावला. व्यापाऱ्याशी फोनवर बोललो, दसरा झाल्यावर येतो म्हणाला. कुशाला सांगितलं नाही.

काट्यावर चढताना तिला माझा खांदा धरावा लागला. पाय सुजलाय.

११ ऑक्टोबर

स्वरूपा आली दसऱ्याला, सांगवीहून. आमची थोरली. जूनमध्ये येऊन गेल्यावर आत्ताच. दारात पिशवी टाकून आईकडं बघत उभीच राहिली.

"आई, काय गं हे? निम्मी झालीस की!"

"काम करते," कुशा म्हणाली. "तुज्यासारखं बसून ऱ्हाते व्हय?"

स्वरूपानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "राबल्यावर माणूस वाळतंच. मी बसून हाय तर पोट बघ माझं." कुणी हसलं नाही. पोरगी जेवताना घुम्यासारखी बसली होती. तिच्या सासरी काही झालं असेल का, विचारायला पाहिजे.

१३ ऑक्टोबर, रविवार

 आधी लिहितो, नाहीतर सुचणार नाही पुढं काय करायचं.

सकाळी वजनं घ्यायची होती. कुशाचा पाय खाली टेकवेना. स्वरूपा म्हणाली, "आईला उठवू नका. मी धरते करडू." मी म्हटलं मग तुझं रिकामं वजन घ्यायला लागेल. ५८ किलो बरोबर. काळ्याला घेऊन चढली : ७४.९००.

सोळा किलो नऊशे.

म्हटलं, काहीतरी चुकलं. पुन्हा चढवली. तेच. भुरीला घेतलं. मागच्या आठवड्यापेक्षा साडेसहा किलो जास्त. तिसरं, चौथं. सगळी साडेसहा, पावणेसात. एका आठवड्यात साडेसहा किलो कोणतं जनावर चढवतं? पेंडीचं पोतं ठेवलं काट्यावर. काटा बरोबर.

मी तिथं उभा होतो. स्वरूपा म्हणत होती, "तात्या, अहो वाढल्यात की चांगली, असं तोंड काय करताय?" आणि मला कारखान्याचा काटा दिसत होता. तिथं मी रिकामी गाडी दर खेपेला मोजायचो. दर खेपेला. ट्रॉलीला चिखल लागतो, ड्रायव्हर उतरतो, डिझेल कमी होतं, म्हणून कालचं रिकामं वजन आज कधीच धरायचं नाही. नव्या पोरांना मी हेच पहिल्यांदा शिकवायचो. रिकामी ट्रॉली मोजायच्या आधी तिच्यातली जड लाकडी फळी काढून ठेवली म्हणून एका गाडीवाल्याला अर्धा दिवस उभा केला होता मी.

आणि घरात अडीच महिने ५२.४०० धरून बसलो.

आत गेलो. म्हटलं, "कुशे, उठ. काट्यावर ये."

"आता कोनचं करडू घिऊ?"

"कुठलंच न्हाय. तू ये."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठली. स्वरूपानं धरून आणली. ४५.६००.

मी आकडा वाचला नाही मोठ्यानं. पण ती काट्यावरून उतरता उतरता म्हणाली, "मला ठावं हुतं. परकर दोनदा आवळला मी." आणि मग म्हणाली, "मी आजारी पडले म्हनून कळलं असतं तर इंद्रजितनं दुसऱ्या दिशी टेंपू बोलवला असता."

स्वरूपा गाडी बघायला गेलीये. पायाची चिंधी सोडली तर बोट काळं. मी रोज सकाळी त्या पायाच्या बाजूला बसून कुट्टीचं प्रमाण बघत होतो.

१५ ऑक्टोबर, बारामती, दवाखाना

साखर चारशे ऐंशी. साखर कारखान्यात हयात गेली माझी, पण ही साखर मला कळली नाही. पाण्याची कळशी, ते मोदक, चक्कर, सुटलेली बांगडी. सगळं लिहिलंय मागं माझ्याच हातानं. मागची पानं चाळवत नाहीत.

करंगळी काढावी लागली आज. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं. 

काल रात्रपाळीला आलेल्या एका तरुण डॉक्टरनं माहिती घेतली. "मावशींचं वजन कमी झालंय का?"

"झालंय."

"अंदाजे किती?"

"सहा किलो आठशे ग्रॅम."

त्यानं मान वर केली. "किती दिवसांत?"

"दहा आठवडे. ऑगस्टात हळूहळू, सप्टेंबरपासनं जोरात. आठवड्याला सहा-सातशे ग्रॅम." बाहेर बाकड्यावर बसून मी हिशोब केला होता. पिल्लं दिवसाला एकशे दहा ग्रॅम धरली की कुशाची तूट बरोबर निघते.

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाला, "एवढं नेमकं कुणी सांगत नाही, काका. छान लक्ष ठेवलंत तुम्ही."

स्वरूपा शेजारीच उभी होती.  मी चपला बघत बसलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ ऑक्टोबर

मी दोन दिवसांसाठी घरी, कळसला. दवाखान्यात स्वरूपा आणि वैष्णवी आळीपाळीनं. आठवडाभर चारा आबाजींनी टाकला, पण त्यांनाही किती त्रास द्यायचा?

कमरेला पट्टा बांधून आज मी स्वतः घास कापला. तीन सऱ्या झाल्या आणि बांधावर बसलो. मग नेपियर. त्याची पानं करवतीसारखी, मनगटं चिरून निघाली. भारा उचलला नाही, ओढत आणला. मग कळलं की अजून एक भारा लागतो. मग पाणी, मग लेंड्या काढणं, मग उद्याचा घास सुकायला पसरणं. हे सगळं होईस्तोवर दुपार. मी ज्याला "आम्ही चारा कापतो" म्हणत होतो, ते हे.

मिश्रणात काही दोष नव्हता. पिल्लं तुकतुकीत झालीत. काळ्या दावं तोडायला बघतो. व्यापारी येऊन गेला, बघूनच त्याचे डोळे चमकले. मी म्हटलं, थांबा जरा. देणार तर आहेच.

ठरवलंय माझं. विकायची सगळी. चारा उत्तम, जनावरं उत्तम, आणि मला ती डोळ्यांसमोर नकोत.

२ नोव्हेंबर, पाडवा

कुशा परवा घरी आली. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. स्वरूपानं मला टोचायला शिकवलं. पहिल्यांदा टोचताना माझाच घाम निघाला आणि कुशाच मला म्हणाली, "टोचा वो, करडाला टोचताना बघितलंय की डॉक्टरला."

पाडव्याला तिच्या माहेरी वाड्यात दूध उतू घालवायची रीत. मला वाटलं यंदा राहील. पण खुर्ची शेडमध्ये न्यायला लावली, पाय दुसऱ्या खुर्चीवर. तीन दगड, शेणाच्या गोवऱ्या, मडक्यात शेळीचं दूध. मेंढ्यांच्या कपाळाला भंडारा. दूध उतू गेलं तेव्हा तिनं हात जोडले. वैष्णवीनं फोटो काढले.

इंद्रजितनं दुपारी पिल्लं मोजली. दर वेळी आधी स्वतःला मोजून. मी बघत होतो. मग माझ्याजवळ आला. "तात्या, दिवसाला एकशे दहा-बारानं वाढल्यात. जिंकला की तुमी. ऊस राहू द्या."

मी म्हटलं, "विकायचीत मला."

 खुर्चीतून कुशा म्हणाली, "का म्हनून?"

"तुझ्या जिवावर आली हायती ही. बास झालं."

"माज्या जिवावर साखर आली. ह्यांनी काय केलं? दिलं त्ये खाल्लं आन् वाढली." तिला धाप लागली, थांबली, मग पुन्हा. "नवऱ्याच्या घरी येऊन पस्तीस वर्सं झाली, मी काय मागितलं तुमास्नी? एक हेच. माजं ध्यान ठेवलं न्हाय म्हनून तुमाला वंगाळ वाटतं, त्येची शिक्षा मला का वो?"

इंद्रजित खाली बघायला लागला.  आबाजी कुंपणापलीकडून ऐकत होते. 

मी म्हटलं, "मग चारा कोण कापणार?"

"तुमी."

"आणि मणका?"

"थोडा थोडा कापा. घाई कुनाला हाय? इंद्रजित आयतवारी येईल. आबाजींचा नातू दोन भारं टाकील सकाळचं." सगळं ठरवूनच बसली होती.

व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो वैतागला.

१० नोव्हेंबर, रविवार

अंग मोडून आलंय. थोडा थोडा म्हणता म्हणता सकाळ जाते. पण दुपारी पिल्लं गव्हाणीत तोंड घालून खातात तेव्हा त्यांच्या तोंडाचा जो एकसारखा आवाज होतो, तो मी आत्ता आत्ता ऐकायला लागलोय. कुशा म्हणते, त्या आवाजावरून कळतं कुणाला गवत जास्त झालं आणि कुणाला घास. मला अजून काही कळत नाही.

आज तिचं वजन घेतलं. ४६.९००. तेराशे ग्रॅम चढलं. मी दोनदा मोजलं.

नंतर तिनं आरसा मागितला. दवाखान्यातून आल्यापासून तिनं आरसा पाहिला नव्हता, वेणी स्वरूपा नाहीतर वैष्णवी घालून द्यायची. बराच वेळ बघत राहिली. गालांवरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "अवं, आदी मी कशी दिसत हुते?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "बावन्न चारशे."

ती हसायला लागली. एवढी हसली की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. "बावन्न चारशे म्हनं! ह्या बाबाला काय म्हनावं!" पण डोळे पुसून झाल्यावर आरसा तसाच धरून बसली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी आठवायचा प्रयत्न केला. जुलैमधली कुशा. मे महिन्यात हार घालून आलो तेव्हा दारात तांब्या घेऊन उभी होती ती कुशा. लुगडं आठवलं, तांब्या आठवला, तोंड येईना. सगळ्या पिल्लांची तोंडं मला झोपेतही ओळखू येतील. पस्तीस वर्षं हिच्या हातची भाकरी खाल्ली आणि चेहरा येईना. मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून उठायला गेलो तर कमरेनं उठू दिलं नाही.

"आठवंना मला," मी म्हटलं. "तूच सांग."

"मीच सांगू? मी कसली दिसत हुते ते मीच सांगू?"

"सांग. मी ऐकतो."

मग ती सांगायला लागली. जुलैपासून नाही, पार मागून, कोकणातून परत येताना घाटात तिच्या बापानं तिला घोड्यावरून उतरवलं तेव्हापासून. गाल लाल असायचे म्हणे थंडीनं. मधेच थांबून विचारायची, "ऐकताय नव्हं?" मी हं म्हणायचो आणि तिच्या तोंडाकडं बघत राहायचो. उद्याचा घास कापायचा राहिला.